सातवा झोन

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मायनॉट गावाला
एकदम आठवतं की जमिनीखाली पाणी आहे.
पहाटे सहापासून फोन:
बुधवारी रात्री कडाका पडणार म्हणे,
लाइल, आधी आमच्याकडे ये.
लाइल सगळ्यांना हो म्हणतो.
थंडीही कुणाला नाही म्हणत नाही,
म्हणून आम्ही पळतो.

ट्रेलरवर पिवळा कॉम्प्रेसर,
रस्त्याच्या कामावरचा, लिलावात घेतलेला.
सुरू होताना तीनदा घसा खाकरतो,
मग ऐकतच नाही कुणाचं.
लाल होस माझ्या खांद्यावर. हे माझं पहिलंच वर्ष.
लाइलने शिकवलं ते एवढंच:
पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही.
दिसत नाही म्हणून हवेला हलकी समजू नकोस.
नळी आतून तापते, चिरते,
आणि ते तुला मे महिन्यात कळतं,
लोकांच्या शिव्यांतून.

एकेक झोन उघडायचा.
आधी काहीच नाही.
मग गवतातून काळ्या माना वर येतात,
एक, मग चार,
गढूळ चूळ टाकतात,
फुरफुरतात, धुकं सोडतात,
आणि मग नुसता कोरडा श्वास.
तिथे थांबायचं. कोरड्यात फुंकत राहिलं
तर आतली चाकं झिजतात.
पुढचा झोन. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून,
कारण पाणी खोटं बोलतं,
संपलं म्हणतं
आणि खोलगट जागी दबा धरून बसतं.

दुपारी आर्डिस ट्वेट बाईंकडे.
नवरा फेब्रुवारीत गेला.
गॅरेजच्या भिंतीवर त्याच्या हातचा नकाशा, पेन्सिलीचा:
एक, पुढचं अंगण. दोन, टपालपेटी.
तीन, लायलॅक. असं सहापर्यंत.
सातपुढे नाव नाही. नुसती रेघ,
रंगाच्या डब्यांमागे गेलेली.
'सहाच आहेत आमच्याकडे,' बाई म्हणाल्या.
मग थोड्या वेळाने,
'पण ऑर्डेल मोजण्यात चुकायचा नाही.'

लाइलने पेटी उघडली. तारा सात.
सातवा उघडला. काटा घसरला,
म्हणजे हवा कुठेतरी जात होती.
बत्तीस वर्षं कॉम्प्रेसरपाशी उभं राहून
लाइलचे कान निम्मे गेलेत,
तो काट्याकडे बघत राहिला, मी गवताकडे.
बाई घरातल्या चपलांवरच बाहेर आल्या,
लायलॅकपर्यंत गेल्या, आणि तिथेच थांबल्या.

कुंपणापलीकडे,
व्हर्जिल बाखमायरच्या रुबार्बच्या वाफ्यात,
पितळेचं एक डोकं मातीतून वर आलं होतं,
गोल फिरत, खोकत,
त्यांच्या काचेवर चिखल उडवत.

या दोन घरांत अकरा वर्षं बोलणं नाही.
कशावरून, ते लाइलला माहीत आहे,
पण तो सांगत नाही.

बाखमायर पायरीवर आला, टोपी हातात.
'कुंपण नव्हतं तेव्हा घातलं होतं त्याने,' तो म्हणाला,
बाईंकडे न बघता.
'नंतर दर उन्हाळ्यात वाटायचं,
यंदा बंद करेल.
पहाटे साडेचारला सुरू व्हायचं, वीस मिनिटं.
मी विचारलं नाही.
त्यानेही तोडलं नाही.'

डोकं आता कोरडं फुंकत होतं.
मी बंद करायला हवं होतं, शिकवलेलं होतं,
पण लाइलने हात वर केला: राहू दे जरा.
मग त्यानेच बंद केलं.

बाईंनी पाकीट काढलं.
'सहाचेच द्या,' लाइल म्हणाला.
'सात,' बाई म्हणाल्या, आणि नोटा दोनदा मोजल्या.

मी भिंतीपाशी जाऊन
बाहेरच्या झडपा अर्ध्यावर आणून ठेवल्या,
ना बंद, ना उघड्या.
हिवाळाभर त्या तशाच ठेवायच्या असतात,
म्हणजे आत उरलेला एखादा थेंब गोठून फुगला
तरी त्याला जागा असते.

होस गुंडाळताना हात बधिर.
अजून नऊ घरं.